हल्या नावाचा बैल

सोमाजी रामटेके गुरुजींच्या कानावर अशुद्ध मराठी पडलं की त्यांच्या पोटात दुखायचं. खरोखर दुखायचं. शेजारचे वामनराव म्हणत, की ते दुखणं एसटी स्टँडवरच्या भज्यांचं आहे, त्यात मराठीचा काही दोष नाही. पण वामनरावांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्यांना व्याकरणातलं काय कळणार, म्हणून गुरुजींनी ते कधी मनावर घेतलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतली सारी नोकरी त्यांनी पोरांच्या वहीतलं 'मले' खोडून 'मला' आणि 'काऊन' खोडून 'का' लिहिण्यात घालवली होती. निवृत्तीच्या समारंभात कुणी पाहुणे म्हणाले, "गुरुजींनी झाडीपट्टीला शुद्ध बोलायला शिकवलं." सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या आणि मग एकमेकांना विचारलं, "काय म्हनला गा तो?"

गुरुजींसमोर बेधडक अशुद्ध बोलण्याची मुभा साऱ्या तालुक्यात एकाच व्यक्तीला होती. ती म्हणजे त्यांची थोरली बहीण, अंजनाबाई. गावात सगळे त्यांना 'गुरुजी' म्हणत, ती 'सोमा' म्हणे, तेही चार माणसांत आणि बांधावरून हाक मारावी तशा आवाजात. गुरुजी कानकोंडे होत, पण बोलत नसत. कारण लोकांच्या शेतात धानाची रोपं लावून, रोवणी करून, कमरेत वाकून वाकून, तिनंच त्यांना शिकवलं होतं. त्यांची पहिली पाटीसुद्धा तिच्याच मजुरीची होती. तिला स्वतःला मात्र अक्षर येत नव्हतं. एकाच घरात दोघांनी शिकायचं म्हटल्यावर रोवणीला कोण जाणार?

अंजनाबाई विधवा, मूलबाळ नाही. गावाच्या खालच्या अंगाला, तलावाच्या पाळीखाली, तिची बांधी होती. बांधी म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं धानाचं शेत. दर दिवाळीला ती नव्या तांदळाची गोणी डोक्यावर घेऊन यायची, गुरुजींच्या पडवीत धपकन टाकायची आणि म्हणायची, "घे, खाय." गुरुजींची बायको वारल्यापासून ते तिला घरी राहायला बोलावत होते. ती येत नव्हती. "भावाच्या घरी बसून भात खानाऱ्या बाईचा आवाज बारीक होते, सोमा," ती म्हणायची. "माहा आवाज पाय कसा आहे!" तो कसा होता हे पाहायची गरज नव्हती, तलावाच्या पलीकडे ऐकू जात होता.

तर त्या साली तिचे म्हातारे हल्ये थकले. हल्या म्हणजे म्हशीचा नर. बैल कोरड्या रानात कितीही ऐट करो, खोल बांधीतल्या चिखलात त्याची फजिती होते. हल्या मात्र चिखलात शिरला की माहेरी आल्यासारखा रमतो. रोवणीआधी चिखलणी करायची तर तलावाखालच्या बांधीला हल्येच लागतात. गुरुजी म्हणाले, "बाई, मी घेऊन देतो जोडी."

"तुह्या पैशाचे हल्ये माह्या बांधीत फिरले तं बांधी तुहीच झाली ना मंग?" अंजनाबाईनं विचारलं.

उत्तर वामनरावांकडे होतं. वामनरावांच्या दुकानात पंक्चर काढायला सगळ्या कचेऱ्यांचे शिपाई येत, त्यामुळे सरकार काय करणार आहे हे सरकारच्या आधी त्यांना कळायचं. "योजना आली आहे, बाई," ते म्हणाले. "लहान शेतकऱ्याले जनावराची जोडी. अर्धे पैसे सरकार अनुदान म्हनून देते, अर्धे आपले. वरून विमा. जनावर मेलं तं दुसरं भेटते."

हे बाईला पटलं. सरकार हा काही भाऊ नव्हे, त्याच्याकडून घ्यायला लाज नाही. ती म्हणाली, "सोमा, मले हल्याची जोडी पायजे. तू अर्ज लिव."

अर्ज! सायकल म्हटल्यावर वामनरावांचा जसा हात शिवशिवायचा तसा अर्ज म्हटल्यावर गुरुजींचा. त्यांनी ठेवणीतला कागद काढला, समास आखला, 'माननीय महोदय' लिहिलं आणि झरझर तिसऱ्या ओळीपर्यंत आले. तिथं 'हल्या' लिहिलं. लिहिलेल्या शब्दाकडे पाहिलं आणि पोटात दुखायला लागलं.

हा शब्द सरकारला कसा पाठवायचा? दुसरा शब्द 'रेडा'. पण तो त्यांनी वर्गात ढ पोरांना इतक्या वेळा बहाल केला होता, की सरकारला लिहिताना शिवी दिल्यासारखं वाटू लागलं. 'महिष' हा शब्द मनात आला, पण तो लिहिला तर तालुक्याच्या कचेरीत कुणाला कळणार? सारा दिवस विचारात गेला. शेवटी त्यांनी कागद फाडला, नवा घेतला आणि स्वच्छ, वळणदार अक्षरात 'बैलजोडी' असं लिहिलं. नांगर ओढतो तो बैल. अंजनाबाईनं अंगठा उठवताना विचारलं, "हल्या बराबर लिवला ना?" गुरुजी म्हणाले, "शुद्ध भाषेत लिहिलंय, बाई."

अर्ज द्यायला गेले तेव्हा कचेरीच्या भिंतीवर योजनेचा फळा रंगवलेला होता: 'बैल, हल्या, दुधाड म्हैस'. गुरुजी उन्हात उभे राहून तो फळा वाचू लागले आणि त्यांचा पारा चढला. त्यांनी शिपायाला बोलावलं. "अहो, दुधाड नव्हे, दुधाळ! आणि हल्या हा शब्द मराठीत नाही."

"पेंटर वडशाचा आहे गुरुजी, नाटकाचे पडदे रंगवते," शिपाई म्हणाला. "सांगून देईन त्याले."

तालुक्याची एक चूक सुधारल्याच्या समाधानात गुरुजी परत आले.

मंजुरी आली ती मार्च संपता संपता. बाजाराच्या दिवशी खरेदीसाठी जीप आली. विस्तार अधिकारी खाली उतरले. ढोरांचे डॉक्टर उतरलेच नाहीत, ऊन फार होतं. अंजनाबाईनं बैलांच्या रांगेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ वारलूकडे गेली. वारलू जंगलातल्या टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, त्याची काळी, तेल लावल्यासारखी चकचकीत जोडी तिनं आधीच हेरून ठेवली होती. एकाच्या कपाळावर पांढरा टिकला होता. ती दोघांच्या मधे उभी राहिली आणि ओरडली, "साहेब! हे घ्या माहे पोट्टे."

साहेब सातारकडचे. त्यांनी कागद पाहिला, हल्ये पाहिले, पुन्हा कागद पाहिला. "गुरुजी, मंजुरी बैलांची आहे. हे तर रेडे!"

"हल्ये आहेत," बाई म्हणाली. "सोमा, सांग त्यायले."

"आता दुरुस्ती करायची तर प्रकरण पुन्हा वर जाणार," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "एवढ्यात महिना संपतोय. अनुदान परत गेलं की पुढच्या साली बघू."

बाईचा चेहरा उतरला. तो पाहून गुरुजींच्या डोक्यात असं काही आलं, की पुढे कितीतरी दिवस त्यांना स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत राहिलं. त्यांनी साहेबांच्या हातातला तक्ता घेतला. त्यात 'जनावराचा प्रकार' असा एक रकाना होता आणि त्याच्या शेजारी 'जनावराचे नाव' असा दुसरा. "प्रकार राहू द्या बैल," गुरुजी म्हणाले. "नावाच्या जागी हल्या लिहा. बैलाचं नाव हल्या असू शकतं. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात काहीच गैर नाही. आणि आपण खोटंही लिहिलं नाही."

साहेबांनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला. डॉक्टरांनी जीपमध्ये बसूनच सही केली. शिपायानं दोघांच्या कानाला पितळेचा एकेक बिल्ला ठोकला आणि अंजनाबाई हल्या नावाचे दोन बैल घेऊन घरी गेली.

ते साल फार चांगलं गेलं. पाऊस वेळेवर आला. गुरुजी छत्री घेऊन चिखलणी बघायला गेले. पांढरा सदरा, हातात रुमाल, बांधावर जपून पाय. बाई चिखलात गुडघाभर उभी राहून दोघांशी बोलत होती. टिकलेवाल्यानं कान झटकला, बिल्ल्यावरचा चिखल उडाला आणि गुरुजींच्या छातीवर बसला. "सरकारी शिक्का बसला रे सोमा!" बाई ओरडली आणि इतकी हसली, की तिला चिखलणीच्या फणाचा आधार घ्यावा लागला. गुरुजी रागावले, पण घरी येऊन सदरा धुताना त्यांनाही हसू आलं. तिला इतकं हसताना त्यांनी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या दिवाळीला गोणी नेहमीपेक्षा मोठी होती.

दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाला घटसर्प आला. टिकलेवाल्याचा गळा सुजला, श्वास घरघरू लागला. डॉक्टर चंद्रपूरला बैठकीला गेले होते. दुपारी हल्या गेला. बाई बांधीकाठच्या गोठ्यात त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दुसरा हल्या दावं ताणून त्याच्याकडे बघत उभा होता.

वामनराव आले आणि म्हणाले, "बाई, विमा आहे. रोवनीच्या आत दुसरा भेटून जाईल. फक्त..." त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. "बिल्ल्यासकट कान लागते. कान कापून न्या लागते कचेरीत. असाच कायदा आहे."

बाईनं हल्याचं डोकं आणखी जवळ ओढलं. वामनराव म्हणाले, "मी पायतो कोनी भेटते का." ते गावात फिरून आले आणि दारातच उभे राहिले.

"काय म्हणतात?" गुरुजींनी विचारलं.

"म्हन्तेत का..." वामनराव चपलेकडे बघत म्हणाले, "का हे काम तं पहिले तुमच्याकडलेच लोक करत होते, म्हन्तेत."

लोकांनी हे काही टोचून बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. विहीर कुठं आहे हे सांगावं तितक्या सहज म्हटलं होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. वामनराव माणूस चांगला. "घरून सुरी आनतो," म्हणाले आणि गेले. ते त्या दिवशी परत आले नाहीत.

गुरुजींचा बाप गावची मेलेली ढोरं ओढायचा. छप्पन साली तो चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला गेला, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरी आला आणि उंबरठा ओलांडायच्या आधी सुरी नाल्यात फेकून आला. "आता आपल्यातल्या कोनी मेल्या ढोराले हात लावाचा नाई," म्हणाला. त्यानंतर गावानं त्याला मजुरी दिली नाही, दुकानदारानं मीठ दिलं नाही, तरी त्यानं शब्द मोडला नाही. बाईचं तेव्हा लगीन झालेलं होतं, सोमा मास्तरकी शिकायला नॉर्मल स्कूलला होता. दोघांनाही ती सुरी आठवत होती.

"नको सोमा," बाई म्हणाली. "राहू दे तो कान. मी कुदरीनं चिखल करीन."

गुरुजींनी तिच्या हातांकडे पाहिलं. त्या वयाच्या बाईनं कुदळीनं तलावाखालची बांधी चिखलायची! ते म्हणाले, "बाई, मला तहान लागलीय. विहिरीचं ताजं पाणी आण."

तिला कळलं असणार. तरी ती घागर घेऊन गेली. गुरुजींनी घरून दाढीचं पातं आणलं, हल्यापाशी बसले आणि ज्या हातानं आयुष्यभर तांबड्या शाईची टोकदार लेखणी धरली त्या हातानं ते काम केलं. त्यांना रडू आलं. हल्यासाठी आलं, बापासाठी आलं की स्वतःसाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बाई परत आली, तिनं हल्याच्या त्या बाजूला आपल्या लुगड्याचा एक तुकडा पांघरला आणि तिथंच बाजूला खड्डा खणायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी धुतलेला सदरा घालून एसटीत बसले. कान वर्तमानपत्रात, वर्तमानपत्र प्लास्टिकमध्ये आणि प्लास्टिक कापडी पिशवीत. गाडी खच्चून भरली होती, तरी लोक त्यांच्या शेजारून एकेक करून उठले आणि सबंध बाक मोकळा झाला. अजून शिक्षकाला मान आहे, असं गुरुजींच्या मनात आलंच होतं, तेवढ्यात कंडक्टर नाक दाबून म्हणाला, "गुरुजी, सुक्या मच्छीचं लगेज लागते."

"मासळी नाही," गुरुजी ताठ मानेनं म्हणाले. "सरकारी कागदपत्रं आहेत." त्यांनी कागदपत्रांचं लगेज भरलं आणि उरलेला प्रवास खिडकीबाहेर मान काढून केला.

कचेरीत नवे डॉक्टर आले होते, चांगला तरुण माणूस. त्यांनी पुडी उघडली, बिल्ला पुसला, नंबर जुळवला. मग कान उलटा करून पाहिला. "गुरुजी, हा म्हशीच्या जातीचा कान आहे."

"होय," गुरुजी म्हणाले.

"इथं प्रकार बैल लिहिलाय."

सातारचे साहेब बदलून गेले होते. त्यांच्या जागचे साहेब वर्धेकडचे, त्यांनी सगळे कागद शांतपणे वाचले. "ही भानगड वेगळी आहे," ते म्हणाले. "विमा बैलाचा. मेला रेडा. म्हणजे आमच्या कागदावर तुमचा हल्या नावाचा बैल अजून जिवंत आहे. तो मेल्याचा पुरावा येईपर्यंत आम्हाला काही करता येत नाही. उलट कधी तपासणी आली तर तो तुम्हाला दाखवावा लागेल."

गुरुजींनी बोलायला तोंड उघडलं. प्रकार आणि नाव ह्यांतला फरक, विशेषनाम आणि सामान्यनाम, सगळं त्यांच्या जिभेवर होतं. पण शब्द बाहेर आला तो भलताच. "साहेब," ते म्हणाले, "तो बैल नोहता. हल्या होता जी. माह्या बहिनीचा हल्या होता."

साहेबांनी मान वर केली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मग अर्जात हल्याच लिहायचं होतं ना, गुरुजी. योजनेत आहे की हल्या. बाहेर फळ्यावर एवढं मोठं लिहिलंय. वाचलं नव्हतं?"

"वाचलं होतं," गुरुजी म्हणाले.

पिशवी घेऊन ते बाहेर आले. फळ्यासमोर जुना शिपाई उभा होता. "तुम्ही सांगतलं तसं दुधाळ करून घेतलं, गुरुजी," तो कौतुकानं म्हणाला. "हल्या तेवढा तसाच ठिवला. लोकायले समजाले पायजे ना."

परत आल्यावर गुरुजी घरी न जाता सरळ बांधीकडे गेले आणि हल्याला पुरलं होतं तिथली माती हातानं उकरून कान त्याच्याजवळ ठेवला. बाईला त्यांनी एवढंच सांगितलं, "सरकार नाही म्हणालं." नवा हल्या घेऊन देतो म्हणाले. ती नाही म्हणाली. पाऊस धरून आला तशी ती कुदळ घेऊन बांधीत उतरली. थोडा चिखल केला आणि कंबर धरून बांधावर बसली, ती उठेना. वामनरावांनी आपली बैलबंडी जुंपली, त्यांनी आणि गुरुजींनी तिला उचलून बंडीत ठेवलं आणि गुरुजींच्या घरी आणलं. बांधी दुसऱ्याला करायला दिली. उरलेला हल्या गुरुजींच्या अंगणात आला. अंगण मोकळंच होतं, पण तो कायम डाव्या कडेला सरकून उभा राही, उजवीकडे जोडीदाराला पुरेल एवढी जागा सोडून.

बाईला बरं वाटू लागलं, ती चूल सांभाळू लागली. पण घर शांत होतं. ती हळू बोलायची, इतकं हळू, की गुरुजींना स्वयंपाकघरात जाऊन "काय म्हणालीस?" असं विचारावं लागायचं. ते विचारताना त्यांच्या पोटात दुखायचं आणि ते भज्यांचं नाही हे आता वामनरावही कबूल करत.

एक दिवस पाऊस लागला होता. गुरुजी जेवायला बसले होते. ताटात भात होता, तिच्याच बांधीतला, मोठ्या गोणीतला शेवटचा. बाई समोर बसून वाढत होती. मधेच ती थांबली.

"सोमा, त्यायनं नाई काऊन म्हनलं रे?"

गुरुजींचा घास हातातच राहिला. "मी अर्जात बैल लिहिलं होतं, बाई. हल्या लिहिलं नव्हतं."

बाई अंगणातल्या हल्याकडे बघत राहिली. ती रागावली असती, ओरडली असती, तर गुरुजींना बरं वाटलं असतं. पण तिच्या डोळ्यात राग नव्हता. जन्मात हाती लेखणी न धरलेल्या माणसाला यावी तशी साधी शंका होती.

"हल्या लिवाले लई कठीन रायते का रे?"

अडीच अक्षरं. पहिलीतलं पोर लिहील. गुरुजींनी ताटाकडे पाहिलं.

"हो बाई," ते म्हणाले. "लई कठीन रायते."

"मंग जाऊ दे," बाई म्हणाली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी पाटी फुटली तेव्हा फिरवला होता तसा. "साऱ्यायले सारेच शब्द थोडी येते. तू जेव. भात थंडा होऊन राह्यला."